फॅमिली डॉक्टर व्हायचंय? आधी अभ्यासाची आवड तपासा

‘एमबीबीएसची साडेपाच वर्षं, पुढं एमडीची तीन. मग मूल कमावणार कधी आणि त्याचा अभ्यास संपणार कधी?’ अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडचे पालक हमखास विचारतात. कमाईचं उत्तर सोपं आहे: इंटर्नशिपपासून विद्यावेतन सुरू होतं आणि पदव्युत्तर शिक्षणातही ते मिळतं. अभ्यासाचं उत्तर मात्र आताच ऐकून ठेवा. फॅमिली डॉक्टरचा अभ्यास संपत नाही. ज्याला ही कल्पनाच नकोशी वाटते, त्यानं दुसरं क्षेत्र निवडावं. त्यात कमीपणा काही नाही.

कायद्याची बाजू आधी समजून घेऊ. आपल्या राज्यात ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे नोंदणी लागते. ही नोंदणी एकदा केली की जन्मभर पुरली, असं होत नाही. दर 5 वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी त्या काळात 30 क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. काउन्सिलनं मान्यता दिलेली व्याख्यानं, कार्यशाळा, परिषदा यांना हजर राहिलं की हे पॉइंट मिळतात. अशा कार्यक्रमांना डॉक्टर मंडळी ‘सीएमई’ म्हणतात.

मुंबईतल्या डॉक्टरला हे जड जात नाही. किनाऱ्यावर एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्याचं तसं नाही. मोठे कार्यक्रम मुंबई-पुण्याला असतात, त्या दिवशी दवाखाना बंद ठेवावा लागतो आणि पेशंट दारातून परत जातात. पावसाळ्यात मांडव्याच्या बहुतेक बोटीही बंद असतात. मग पेणवरून रस्त्यानं जाणं आलं. म्हणून दर वर्षी थोडे थोडे पॉइंट मिळवावेत. शेवटच्या वर्षी धावपळ करून नूतनीकरण होईल, पण त्यातून डोक्यात काही उतरणार नाही. माझ्या मते 30 हा आकडा अगदी किमान आहे. चांगला डॉक्टर त्याच्या कितीतरी पुढं जातो.

किती पुढं, हे पाहायला रायगडबाहेर जावं लागत नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं, लहान मुलं दगावत होती. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, मग फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू. यावर हमखास लागू पडेल असा उपचार पुस्तकात नव्हता. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, कोणत्या क्रमानं काय बिघडतं ते नोंदवलं. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा लेख आला. दंशामुळं शरीरात रक्तवाहिन्या आवळणारी रसायनं उसळतात आणि हृदयावर ताण येतो. मग रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन इथं उपयोगी पडेल का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. ते पडलं, आणि 1986 मध्ये त्यावरचं लेखनही ‘लॅन्सेट’नं छापलं. तोंडानं घ्यायची ही स्वस्त गोळी गावातल्या दवाखान्यातही देता येते. मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं.

पण ते तिथंच थांबले नाहीत, आणि विद्यार्थ्यांनी नेमकी हीच गोष्ट लक्षात ठेवावी. स्वतःच्याच उपचाराहून अधिक चांगलं काही आहे का, हे त्यांनी पुन्हा तपासलं. प्राझोसिनला विंचूदंशाच्या प्रतिविषाची जोड दिली तर पेशंट लवकर बरे होतात, हे दाखवणारी महाडमधली चाचणी 2011 मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात आली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बावस्कर एमडी आहेत, पण त्यांचं मोठं काम तालुक्याच्या गावात, रोजची ओपीडी सांभाळून झालं.

आता वाटा पाहू. नीट देऊन एमबीबीएस. अलिबागलाच 2021 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्यानंतर नीट-पीजी देऊन फॅमिली मेडिसिनमध्ये 3 वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. ‘हृदयरोगतज्ज्ञ हो, त्यात पैसा आहे’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना ही शाखा बहुधा माहीतच नसते. पण बाळाच्या लसीपासून आजोबांच्या मधुमेहापर्यंत सगळं एका डॉक्टरनं पाहायचं, तर त्यासाठी खास प्रशिक्षण हवंच.

अमेरिकेत नातेवाईक असलेले पालक हल्ली ‘डीओ’बद्दल विचारतात. तिथं डॉक्टर ऑफ ऑस्टिओपथिक मेडिसिन ही तिथल्या एमडीच्या बरोबरीची पूर्ण वैद्यकीय पदवी आहे. त्यासाठी आधी पदवी, मग 4 वर्षं मेडिकल स्कूल आणि फॅमिली मेडिसिनसाठी 3 वर्षं रेसिडेन्सी. त्यावर बोर्डाचं प्रमाणपत्र, आणि ते टिकवायला सतत शिक्षण व मूल्यमापन. अमेरिकेचं फॅमिली मेडिसिनचं बोर्ड 1969 मध्ये स्थापन झालं तेव्हापासून त्याचं प्रमाणपत्र मुदतीचंच आहे. आपल्याकडं एमडी झाल्यावर पुन्हा परीक्षा नसते. मला वाटतं, असायला हवी. एक सावधगिरी मात्र बाळगा. भारतात ‘ऑस्टिओपथी’ नावानं चालणारे हातानं उपचार शिकवणारे अभ्यासक्रम वेगळे आहेत. ते करून औषधं लिहून देणारा डॉक्टर होता येत नाही. फी भरण्यापूर्वी याची खात्री करा.

मुलाला खरंच डॉक्टर व्हायचं आहे का, हे बारावीच्या टक्क्यांवरून कळणार नाही. परीक्षेत येणार नाही असं काही तो स्वतःहून वाचतो का? उत्तर चुकलं तर का चुकलं, हे शोधत बसतो का? दहावीच्या सुट्टीत तुमच्या गावच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन त्याला त्यांच्याकडं पाठवा, आणि दवाखाना बंद झाल्यावर ते काय वाचतात, मागच्या वर्षात कोणता उपचार त्यांनी बदलला, हे त्यालाच त्यांना विचारू द्या. प्रवेशाचा निर्णय त्यानंतर घ्या.