विमानतळाजवळ प्लॉट घेण्याआधी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. तरीही विमानतळाच्या नावावर इथल्या माणसांचे पैसे अडकतात, हे मी घरातच पाहिलं. माझ्या मेहुण्यानं खामगावकडचं शेत विकून अकोल्याच्या शिवणी विमानतळाजवळच्या एका गावात प्लॉट घेतला. विकणाऱ्यानं ग्रामपंचायतीचा ‘बांधकामास हरकत नाही’ असा शिक्क्याचा दाखला दिला होता. पाया भरून झाला आणि मेहुणा कर्जासाठी बँकेत गेला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “उंचीचं ना-हरकत प्रमाणपत्र कुठाय?” कर्ज अडलं, विकणारा फोन उचलेना. मग मेहुण्यासोबत मीही कचेऱ्या पालथ्या घातल्या. तिथं जे कळलं, ते इतरांना व्यवहाराआधीच कळावं.

विमानतळाला परवाना देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे दिल्ली. तिथं ग्रामपंचायतीचं काही चालत नाही. पण भोवतालच्या जमिनीवर काय उभं राहील, हे स्थानिक परवानगीतूनच ठरतं, मात्र उंचीच्या मर्यादेत राहून. केंद्राच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंत बांधकामाच्या उंचीला मर्यादा येऊ शकते. अनेक विमानतळांचे त्यासाठी रंगीत नकाशे आहेत. लाल पट्ट्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं प्रमाणपत्र लागतंच. बाकी रंगांत ठरलेल्या उंचीपर्यंत स्थानिक नियोजन प्राधिकरण परवानगी देऊ शकतं.

ही उंची मजल्यांवर मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून धरतात. जमिनीची उंची, त्यावर इमारत, जिन्याची खोली, पाण्याची टाकी, सगळं त्यात येतं. त्यामुळं टेकाडावरचं दुमजली घर अडू शकतं आणि खोलगटातलं तिमजली सुटू शकतं. शेजाऱ्याचं घर उभं आहे म्हणून आपलंही होईल, असं धरू नका.

कचऱ्याबाबतही नियम केंद्राचा आणि अंमल स्थानिक. पक्षी विमानावर आदळू नयेत म्हणून विमान नियम १९३७ मध्ये विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला बंदी घातली. हे पाळायची जबाबदारी शेवटी नगरपालिका-ग्रामपंचायतींवरच येते. कचरा डेपोची जागा ठरवणाऱ्या सदस्यांनी हे आधी पाहावं.

व्यवहाराआधी चार कागद मागा: ताजा सातबारा, अकृषिक परवानगी, नगररचना विभागाचा झोन दाखला आणि मंजूर रेखांकन. उंचीचा अर्ज विमानतळ प्राधिकरणाकडं ऑनलाइन होतो. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची उंची द्यावी लागते. ते प्रमाणपत्र हाती येईपर्यंत इसारापलीकडं पैसे देऊ नका, आणि प्रमाणपत्र मिळालं नाही तर इसार परत, ही अट लेखी घ्या.

उद्या आपल्याच तालुक्यात धावपट्टीची घोषणा झाली, तर नुसत्या ठरावावर विसंबू नका. पुरंदरच्या नियोजित विमानतळाविरोधात सात गावांतून ग्रामसभांचे ठराव झाले, तरी भूसंपादन पुढं सरकलं. ठराव कराच, पण प्रत्येक खातेदारानं स्वतःची हरकतही मुदतीत द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. अधिसूचना कोणत्या कायद्याखाली निघाली ते आधी वाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला ६० दिवस मिळतात. पुरंदरला वापरलेला १९६१ चा एमआयडीसी कायदा वेगळ्या वाटेनं जातो. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, झाडं, पाइपलाइन नोंदली गेली नाही, तर मोबदल्यात धरून घेताना किती खेटे पडतात, ते समृद्धी महामार्गाला जमीन दिलेल्या मेहकर-सिंदखेड राजाकडच्या शेतकऱ्यांना विचारा. मोजणीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.