कॅसेट आणि फुंकर

१९९०च्या दशकात आम्ही नाशिकची मुले टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम खेळत असू. कॅसेट चालेनाशी झाली की ती काढायची, जोरात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. बहुधा गेम सुरू होई! श्रेय अर्थातच फुंकरीला.

अशा कॅसेटच्या तोंडाशी पाहा. तेथे तांब्याच्या ६० पट्ट्या दिसतील. यंत्रातील तितक्याच लवचिक पिना त्यांना टेकतात. हवेने व दमटपणाने तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो. तो वीज नीट वाहून नेत नाही. स्मृतीतील पत्ता सांगणारी एक पट्टी जरी तुटक झाली, तरी निम्मे पत्ते चुकतात आणि पडद्यावर नुसती रंगीत खिचडी उमटते.

मग फुंकर काय करते? धूळ उडते, इतकेच. खरे काम घर्षणाचे. कॅसेट काढता-घालताना पिना थर खरवडतात. फुंकरीतील बाष्पाने उलट गंज वाढतो. पटत नसेल, तर दहा वेळा फुंकर मारून व दहा वेळा न मारता कॅसेट बसवा, नोंद ठेवा.

यंदा माळ्यावर माझी जुनी कॅसेट सापडली. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसल्या. (हे ज्वालाग्राही आहे, जवळ ज्योत नको, शिक्षक हवेत.) खोडरबर टाळा, पातळ मुलामा निघतो. पहिल्या दोन काड्या काळ्या निघाल्या, तिसरी हिरवट. चौथी स्वच्छ निघाली. पट्ट्या वाळू दिल्या, कॅसेट बसवली. पडदा उजळला.