टाक्यांच्या आधी आणि नंतर

दारव्हा तालुक्यात फाटल्या ओठाच्या लेकरांसाठी स्वयंसेवक म्हणून फिरताना उमगलेलं थोडंफार :

१. ऑपरेशन हा यातला सगळ्यात छोटा भाग. ओठ शिवायला तासभर लागतो. पण त्याआधी बाळ 10 आठवड्यांचं व्हावं, वजन साडेचार किलोच्या आसपास जावं, हिमोग्लोबिन 10 असावं, असा डॉक्टरांचा जुना हिशेब. मी पुण्यकर्माला निघाल्याच्या ऐटीत गेलो आणि वाट्याला आला वजनकाटा. सगळं त्या काट्यावरच अडतं, हे नंतर कळलं.

२. ही लेकरं भुकेनं मागं पडतात. टाळू फाटलेली असली की दूध ओढता येत नाही. बाळ छातीशी लागतं, दमतं, दूध नाकातून परत येतं. घरचे म्हणतात, "पेतच नाही पोट्टं." एका घरी मी खास बाटलीबद्दल छापील माहिती वाचून दाखवत होतो, तोवर आजीनं फडताळातलं बोंडलं काढलं, बाळाला उभं धरलं आणि थोडं थोडं पाजलं, मधे ढेकर काढत. दवाखान्यातल्या सिस्टरही तेच सांगतात. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

३. ग्रहणाशी वाद घालून भागत नाही. "गिरानात इळा हाती घेतला हिनं," असं सासू म्हणते, शिकलेला दीरही म्हणतो. ओठ आणि टाळू गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच सांधतात, जगात साधारण 700 बाळांत एकाचं असं होतं, हे माझं भाषण कुणी ऐकलं नाही. आता एवढंच विचारतो, "त्या दिवशी गावात आणखी कोण कोण पोटुशी होती?" सासू नावं मोजायला लागते.

४. पैशापेक्षा दिवस अडवतो. स्माईल ट्रेनसारखी संस्था रुग्णालयांना खर्च देते, ऑपरेशन मोफत होतं. पण तारीख नेमकी सोयाबीन सोंगणीत येते. सगळं जमवून निघावं, तर बाळाला सर्दी, म्हणजे भूल नाही.

५. गुडघ्यांची तक्रार करावीशी वाटली की डॉ. शरदकुमार दीक्षित आठवतात. अपघातानं चाकाच्या खुर्चीत, कर्करोगानं स्वरयंत्र गेलेलं. तरी अमेरिकेतून येऊन इथल्या शिबिरांत हजारो ऑपरेशनं मोफत केली. 2001 ला पद्मश्री, 2011 ला गेले. मग मी मुकाट्यानं एसटी पकडतो.

६. ओठ जुळला की फोटो निघतात, आणि घरचे पुढच्या फेऱ्या विसरतात. टाळूचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास असतं. पुढं बोलण्याचा सराव, नाहीतर अक्षरं नाकातून येत राहतात. मग आठ-दहा वर्षांचं झाल्यावर कधी हिरडीत हाड भरावं लागतं. फोटोनंतरच्या या कामाला माणसं कमी पडतात.

तुमच्या गावात असं बाळ दिसलं तर आशाताईंना सांगा, किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना गाठा. आणि ऑपरेशनची तारीख कधीही मिळो, दूध कसं पाजायचं ते आईला त्याच दिवशी दाखवायला लावा.