उकळून न जाणारे विष

पुणे शहरात मुळा आणि मुठा या नद्या संगमावर एकत्र येतात. पुढे त्या नदीला मुळा-मुठा म्हणतात. ती आपल्या गावाजवळून वाहते, रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे उजनी धरणात साठते. म्हणजे शहराने वापरून सोडलेले पाणी वाटेत आपल्याला लागतेच.

आजी सांगते, पूर्वी नदीच्या वाळूत खड्डा केला की स्वच्छ पाणी यायचं, ते वाटीनं हंड्यात भरायचं. आता फेस आणि जलपर्णी दिसते, वास येतो, म्हणून कोणी पाणी पीत नाही. पण मला न दिसणाऱ्या घाणीबद्दल सांगायचे आहे.

शेण, पालापाचोळा नदीत पडला तर बारीक जंतू तो खाऊन टाकतात. (फार झाले तर तेही दमतात.) पण माणसाने बनवलेले काही पदार्थ त्यांना सहजासहजी खाता येत नाहीत. गुरुजींनी नाव सांगितले, चिवट सेंद्रिय प्रदूषके. सेंद्रिय म्हणजे इथे शेणखत नव्हे, तर कार्बनपासून बनलेले. चिवट हा शब्द मात्र अगदी बरोबर आहे.

त्यांतले एक डी.डी.टी. ते किडे मारते हे शोधल्याबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डास मेले, हिवताप कमी झाला, म्हणून मी त्याला नुसते वाईट म्हणणार नाही. पण जमिनीत पडलेले निम्मे डी.डी.टी. जायला २ ते १५ वर्षे लागतात. समजा १० धरली. आज १६ ग्रॅम असेल तर १० वर्षांनी ८, मग ४, मग २, आणि ४० वर्षांनी १ ग्रॅम. तेव्हा मी ५० वर्षांचा असेन!

पावसात ते मातीबरोबर ओढ्यात आणि नदीत येते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, गाळाला चिकटते. चरबीत मात्र विरघळते. समजा गाळातल्या एका किड्यात १ कण गेला. चिलापीने १०० किडे खाल्ले तर १०० कण. बगळ्याने ५० चिलापी खाल्ल्या तर ५०००! अंगातून ते लवकर बाहेर पडत नाही. अमेरिकेत त्यामुळे गरुडांच्या अंड्यांची टरफले पातळ झाली आणि अंडी उबवतानाच फुटू लागली. तिथे १९७२ साली डी.डी.टी.वर बंदी आली. आपल्या देशात १९८९ साली ते शेतीत वापरणे बंद केले. जनावराच्या पोटात गेले तर दुधाच्या स्निग्धांशातूनही उतरते.

आई पाणी उकळते, त्याने जंतू मरतात. पण हे पदार्थ जंतू नाहीत, मरणार कसे? तुरटी फिरवली तर गाळ खाली बसतो, पण नदीत तो तळाशीच राहतो आणि किडे तो खातात. म्हणून ते नदीत जाण्याआधीच अडवावे लागतात. २००१ साली स्टॉकहोम येथे देशांनी अशा १२ पदार्थांवर करार केला. भारत त्यात २००६ साली सामील झाला.

त्या बारांत डायॉक्सिन आहे. ते मुद्दाम कोणी बनवत नाही. पी.व्ही.सी.सारखे प्लॅस्टिक उघड्यावर जाळले की आपोआप तयार होते. पुण्याला नावे ठेवताना हेही लिहायला हवे, की आपल्या ओढ्याकाठी कचरा पेटवतात, त्यात फुटके पाईप, वायरी, पिशव्या असतात. राख पावसात ओढ्यात जाते, आणि ओढा नदीला मिळतो.

आम्ही चौथीच्या मुलांनी काठावरचे पाईपचे तुकडे आणि वायरी गोळा केल्या. दोन पोती भरली. ती भंगारवाल्याला द्यायची आहेत. पोती व्हरांड्यात ठेवली आहेत, पालकांनी जाताना बघावीत.