२०० आलं तरी मोजून बघा

दर सोमवारी सकाळी एक पायथन स्क्रिप्ट चालायची, गिटहबला उघडे इश्यू विचारायची आणि आलेला आकडा वरिष्ठांना मेल करायची. एका सोमवारी मेलमध्ये शून्य आलं. एकही बग शिल्लक नाही यावर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून ती स्क्रिप्ट माझ्याकडे आली. लिहिणारा सहकारी तोवर नोकरी सोडून गेला होता.

शून्याचं कारण लवकर सापडलं. स्क्रिप्ट वापरत असलेलं टोकन त्या सहकाऱ्याच्याच खात्याचं होतं. खात्याचा प्रवेश काढून घेतला, तेव्हा गिटहब ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, म्हणायला लागलं. खासगी रिपो पाहायची परवानगी नसेल, तर ती रिपो आहे हेसुद्धा गिटहब सांगत नाही. त्यामुळे ४०४ दिसला की पत्त्यातलं स्पेलिंग तपासत बसण्याआधी टोकनचे अधिकार बघा. आणि पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी ४०४ आल्यावर आपणहून थांबत नाही. स्टेटस तपासणारी ओळ आपल्यालाच लिहावी लागते. इथे ती नव्हतीच. उलट उत्तरात यादी नसेल तर रिकामी यादी धरावी, अशी सोय केलेली होती. माहिती मिळाली नाही आणि बग नाहीत, या दोन गोष्टी मेलमध्ये एकसारख्या दिसत होत्या.

मला जास्त अस्वस्थ केलं ते जुन्या मेलनी. प्रत्येकात आकडा ३०. गिटहब एका पानावर मुळात ३०च नोंदी देतं, आणि स्क्रिप्ट पहिलं पान मोजून थांबत होती. स्टेटस २००, म्हणजे रिक्वेस्ट यशस्वी; लॉग स्वच्छ. टेस्टर मंडळी बैठकीत तक्रारी वाढल्याचं सांगायची आणि त्यांच्यासमोर या आकड्यांचा सपाट आलेख धरला जायचा. ज्यांना खरं दिसत होतं, त्यांनाच गप्प बसावं लागत होतं. कोडमधली छोटी ढिलाई माणसांच्या शब्दाची किंमत कमी करते, ती अशी.

पानावरची संख्या १०० पर्यंत वाढवता येते, त्याहून जास्त नाही. म्हणून नुसता आकडा वाढवून भागत नाही. ३०वर अडकलेला आलेख पुढे १००वर अडकेल. उत्तरासोबत ‘लिंक’ नावाचा हेडर येतो, त्यात पुढच्या पानाचा पत्ता असतो. तो पत्ता जसाच्या तसा घ्या आणि ‘नेक्स्ट’ येईनासा होईपर्यंत चालत राहा. पुढच्या पानाची यूआरएल स्वतः जुळवत बसू नका. रेडमाइन हा इश्यू ट्रॅकर वापरणाऱ्यांनीही हे तपासावं: तिथे सांगितलं नाही तर २५ नोंदी येतात, कमाल १००, आणि बंद झालेले इश्यू वेगळे मागितल्याशिवाय येतच नाहीत.

सगळी पानं आणली आणि आकडा भलताच फुगला. गिटहबच्या एपीआयमध्ये प्रत्येक पुल रिक्वेस्ट हीही इश्यूच असते, एकाच यादीत येते. ज्या नोंदीत पुल रिक्वेस्टची की आहे ती वगळा. उरतात ते खरे इश्यू. त्यानंतर ब्राउझरमध्ये इश्यूच्या पानावरचा आकडा आणि स्क्रिप्टचा आकडा शेजारी ठेवून पाहिला. जुळला. ही पडताळणी कुठलीही स्क्रिप्ट कामाला लावण्याआधी करावी, काही मिनिटांचं काम आहे.

टोकन कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. फाइन-ग्रेन्ड टोकन काढा, त्याला एकाच रिपोचे इश्यू वाचण्यापुरता अधिकार द्या. शक्यतो टीमचं वेगळं खातं वापरा आणि टोकनची मुदत कॅलेंडरवर टाका. टोकनशिवाय तासाला फक्त ६० रिक्वेस्ट मिळतात, त्याही आयपी पत्त्यामागे, म्हणजे एका नेटवरून बाहेर पडणाऱ्या अख्ख्या ऑफिसला मिळून. टोकन असेल तर साधारण ५०००. मर्यादा संपली की ४०३ किंवा ४२९ येतो. तेव्हा तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा मारू नका, हेडरमध्ये दिलेल्या वेळेपर्यंत थांबा.

स्क्रिप्टकडून इश्यू तयार करून घेणार असाल, तर आणखी सावध राहा. रिक्वेस्ट्सला टाइमआउट आपणच द्यावा लागतो, नाहीतर ती उत्तराची वाट बघत बसते. आणि टाइमआउट झाला म्हणजे इश्यू बनला नाही, असं नव्हे. डोळे मिटून पुन्हा पाठवलंत तर तोच इश्यू दोनदा उभा राहतो आणि रिपोवर लक्ष ठेवणाऱ्यांना दोनदा सूचना जाते. इश्यूच्या मजकुरात आपला एक ओळख क्रमांक टाका, पुन्हा पाठवण्याआधी तो आधीच्या नोंदींत आहे का ते पाहा. हे सगळे प्रयोग वेगळ्या चाचणी रिपोवर करा.

नव्या स्क्रिप्टच्या मेलमध्ये आकड्याखाली दोन ओळी येतात: किती पानं वाचली आणि किती पुल रिक्वेस्ट वगळल्या. कुठलंही पान आलं नाही, तर आकडा जातच नाही. ‘अहवाल तयार झाला नाही’ एवढं लिहून स्टेटस कोड जातो. पहिला पूर्ण आकडा गेला त्याच आठवड्यात टेस्टरना बैठकीत आधी बोलायला सांगण्यात आलं.