अंश आणि छेद : शैक्षणिक सर्वेक्षणाचे तीन धडे

शैक्षणिक सर्वेक्षणातील आकडे कसे वाचावेत, याचा वस्तुपाठ परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात घालून दिला. शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत त्यांनी लोकसंख्येचे चार वर्ग विचारात घेतले : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठा व तत्सम जातींचा मधला वर्ग आणि अस्पृश्यांचा समावेश असलेला मागासलेला वर्ग. प्रत्येक वर्गाच्या लोकसंख्येत शिकणारे किती, हे प्रमाण त्यांनी मांडले. प्राथमिक शिक्षणात पुढारलेल्या हिंदूंचे दर हजारी ११९ विद्यार्थी होते, तर मागासलेल्या वर्गाचे १८. माध्यमिक शिक्षणात हेच प्रमाण दर लाखी अनुक्रमे ३,००० आणि १४ होते.

यातील पहिला धडा असा की, तुलनेपूर्वी पाया समान करावा. हजारी ११९ म्हणजे लाखी ११,९००. हजारी १८ म्हणजे लाखी १,८००. आता भागाकार केल्यास पुढारलेल्या वर्गात प्राथमिक शाळेतील दर चार विद्यार्थ्यांमागे माध्यमिक शाळेत सुमारे एक विद्यार्थी आढळतो. मागासलेल्या वर्गात सुमारे १२९ विद्यार्थ्यांमागे एक. हे एका वेळचे चित्र आहे, त्याच मुलांचा वर्षानुवर्षे घेतलेला मागोवा नव्हे, हेही अहवालात नमूद करावे.

दुसरा धडा सरासरीचा. समजा, कल्याणमधील एका वस्तीत पाच कुटुंबांचे मासिक उत्पन्न ८, ९, १०, ११ आणि ६२ हजार रुपये आहे. सरासरी २० हजार येते. परंतु चार कुटुंबे तिच्यापासून फार खाली आहेत. चढत्या क्रमातील मधली संख्या, म्हणजे मध्यक, १० हजार आहे. वस्तीची खरी स्थिती तीच अधिक सांगते. शिष्यवृत्तीची गरज ठरवताना केवळ सरासरी पाहिली, तर गरजू मूल वगळले जाईल.

तिसरा धडा छेदाचा. आमच्या ठाणे जिल्ह्यात पावसाळा सरला की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. समजा, एका पाड्यावर शाळेच्या वयाची ५० मुले आहेत, पटावर ४० आणि वर्गात हजर ३२. पट धरल्यास उपस्थिती ८० टक्के. पाडा धरल्यास ६४ टक्के. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. मात्र पहिल्या आकड्यात पटाबाहेरची दहा मुले अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत.

बाबासाहेबांनी छेदस्थानी शाळेचा पट धरला नाही, संपूर्ण समाज धरला. म्हणूनच शाळेपर्यंत न पोहोचलेले मूलही त्यांच्या हिशेबात आले. या शाळेतून शिक्षक होऊन बाहेर पडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : सर्वेक्षणाचा आरंभ हजेरीपटाऐवजी वस्तीतील घरांच्या यादीपासून करा, आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी ती किती मुलांवरून काढली, ते लिहा.