पितळेची पुंगळी आणि चाळीस हजारांचा दाब

चि. सई हिस,


तुझं पत्र पोचलं. मोंटानात अस्वलांच्या मुलखात भटकायला जाणार, म्हणून तुझ्या १९११ पिस्तुलाची नळी बदलून त्यातून .४६० रोलँड काडतूस चालवायचं तुझ्या मनात आहे. तिथे कायद्याची आडकाठी नाही, संच तयार मिळतो, काम तासाभराचं आहे, असं तू लिहितेस. असेलही. पण मी उभी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासण्यात काढली, त्यामुळे नुसतं ‘करू नकोस’ म्हणून मला गप्प बसवत नाही. बार उडतो तेव्हा आत काय घडतं ते लिहितो. तू इंजिनिअर आहेस, हिशेब तुला कळेल.

तुझ्या पिस्तुलाचं मूळ काडतूस .४५ एसीपी. त्याचा मान्य कमाल दाब चौरस इंचाला २१,००० पौंड. रोलँडचा चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे जवळपास दुप्पट. २३० ग्रेनची तीच गोळी एरवी सेकंदाला साधारण ८५० फुटांनी सुटते, ती रोलँडमधून १,३४० फुटांनी सुटते असं ते काडतूस करणारे सांगतात. गोळीचा संवेग दीडपटीहून थोडा जास्त झाला. जेवढा गोळीचा, तेवढाच मागे जाणाऱ्या स्लाइडचा. पण स्लाइडची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे फ्रेमवर येऊन आदळणारी ऊर्जा अडीचपट. जॉन ब्राउनिंगने ते यंत्र बांधलं आणि १९११ साली अमेरिकन सैन्याने ते स्वीकारलं, तेव्हा त्याचा प्रत्येक भाग .४५ चा हिशेब धरून बेतलेला होता.

आता पुंगळीकडे ये, कारण खरी गोष्ट तिथे आहे. लोकांना वाटतं दाब पोलाद पेलतं. पोलाद पेलतंच, पण मागच्या बाजूने वायू कोंडून धरते ती पितळेची पातळ पुंगळी. ती फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि भिंत तिला आधार देते. मॅगझिनमधून काडतूस वर चढावं म्हणून चेंबरच्या तळाशी उतार कापलेला असतो, त्याला फीड रॅम्प म्हणतात. जुन्या घडणीच्या १९११ मध्ये त्या जागी पुंगळीच्या बुडाजवळचा थोडा भाग उघडा राहतो. तिथे पितळ जाड ठेवलेलं असतं, म्हणून २१,००० ला ते निभावतं. दाब चढला की त्याच जागी पुंगळीला एका अंगाने पोट सुटतं. चाललेली पुंगळी बोटांत धरून बुडाजवळून फिरवली की नखाला तो उंचवटा लागतो. त्याहून पुढे गेलं तर पितळ फाटतं आणि तापलेला वायू खाली मॅगझिनच्या खोबणीत शिरतो. मॅगझिन बाहेर फेकलं जातं, मुठीच्या पट्ट्या उडतात, आणि मूठ तर तुझ्या हातात असते.

संचातली नळी या जागी जास्त आधार देणारी असते, हे मी मान्य करतो. पण नळी म्हणजे सगळा संच नव्हे. तिच्या टोकाला येणारा कॉम्पेन्सेटर तुला लांबडा आणि अवजड वाटतोय, तो काढून चालवता येईल का असं तू विचारलंस. नाही. तो शोभेला नाही. त्याचं वजन आणि त्यातून बाहेर पडणारा वायू, दोन्ही मिळून स्लाइडचा वेग आवरतात. तो काढलास तर अडीचपटीचा सगळा मार फ्रेमवर. ‘मग स्प्रिंग अजून कडक घालते’ असंही म्हणशील. कडक स्प्रिंग स्लाइडला तितक्याच जोरात पुढे फेकते, आणि मॅगझिनची स्प्रिंग पुढचं काडतूस वर आणायच्या आत स्लाइड निघून जाऊ शकते. अस्वल समोर असताना पिस्तूल अडकावं यासाठी एवढा खर्च करायचा का? आणि तुझी फ्रेम पोलादी आहे की अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, हे तू लिहिलंच नाहीस. मिश्रधातूची असेल तर हा विषय इथेच संपव.

पत्रातल्या एका ओळीने मला खरी काळजी लागली. रोलँडच्या पुंगळ्या महाग पडतात, म्हणून साध्या .४५ च्या पुंगळ्यांत घरीच जास्त दारू भरायची, असं तू सहज लिहून गेलीस. हे मात्र कधीही करायचं नाही, सई. इथे मी सल्ला देत नाही, निक्षून सांगतो आहे.

कारण ऐक. कोल्टच्या १९०० च्या पिस्तुलासाठी .३८ एसीपी नावाचं काडतूस होतं. १९२९ च्या सुमारास कोल्टनेच १९११ च्या भक्कम बांधणीतल्या पिस्तुलासाठी त्याची जास्त दाबाची आवृत्ती आणली, .३८ सुपर. मापं मात्र तीच ठेवली. झालं असं की नवं काडतूस जुन्या पिस्तुलात विनातक्रार बसू लागलं. त्या जुन्या पिस्तुलांची स्लाइड पुढे एका आडव्या पाचरीने अडवलेली असते. पाचर तुटली तर स्लाइड मागे थेट नेमबाजाच्या तोंडावर येते. पुढे काडतुसाच्या बुडावर जादा दाबाची खूण छापू लागले, पण खूण वाचणारा माणूस वाचेल तेव्हाच ती उपयोगाची. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा हा धडा गिरवला गेला. .३८ स्पेशलपेक्षा पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच लांब केली, म्हणजे ती जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरणारच नाही.

जॉनी रोलँड यांच्या काडतुसातही तेच केलेलं आहे. त्याची पुंगळी .४५ पेक्षा सुमारे दीड मिलिमीटर लांब आहे, ती मुद्दाम. ते दीड मिलिमीटर म्हणजे दाराचं कुलूप समज. तू .४५ च्या पुंगळीत रोलँडची दारू भरलीस की कुलूप गेलं. ते काडतूस कुठल्याही .४५ मध्ये बसेल, तुझ्या मैत्रिणीच्या, रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या. डबीवर तू कितीही लाल अक्षरांत लिहून ठेव. शिवाय .४५ च्या पुंगळीत जागा ऐसपैस, जलद जळणाऱ्या दारूचं माप चुकून दोनदा पडलं तरी वरून लक्षात येत नाही. आणि तेच काडतूस रोज चेंबरमध्ये घालून पुन्हा काढलं की गोळी हळूहळू आत दबते, आतली मोकळी जागा कमी होते आणि दाब एकदम चढतो. असं दबलेलं काडतूस कॅलिपरने मोजून बाजूला काढायचं, ही सवय आजपासून लाव.

मग अस्वलाचं काय? पहिलं, कमरेला अस्वलावर मारायचा फवारा बांध आणि तो झटकन काढण्याचा सराव कर. ग्रिझलींच्या मुलखात तिथलं वनखातंही तेच सांगतं. पिस्तूल हवंच असेल तर १० मिलिमीटर ऑटोसाठी मुळापासून बनवलेलं घे. त्या काडतुसाचा मान्य दाब ३७,५०० आहे, आणि नळी, स्लाइड, स्प्रिंग हे सगळं कारखान्यातच त्या हिशेबाने जुळवलेलं असतं. ब्राउनिंगचं .४५ आहे तसंच राहू दे. कागदावर भोकं पाडायला त्याच्याइतकं गोड पिस्तूल नाही.

तरीही संचच बसवायचा असेल, तर परवानाधारक गनस्मिथकडून बसवून घे, कॉम्पेन्सेटरसकट. दारू घरी न भरता तयार काडतुसंच घे, आणि पहिल्या काही पुंगळ्या उचलून बुडाजवळ नख फिरवून बघ.

दिवाळीला पुण्याला येशील तेव्हाचं आणखी एक. इथे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्राची दुरुस्ती आणि रूपांतरसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. एक जिवंत काडतूस सामानात सापडलं तरी विमानतळावर गुन्हा नोंदवतात, मग ते चुकून राहिलेलं असो. रेंजवर नेतेस ती पाठपिशवी प्रवासाला आणूच नकोस, दुसरी घे. जाकिटाचे खिसेही उलटे करून बघ. फ्रेम कशाची आहे ते मात्र उलट टपाली कळव.

तुझा,
काका